खासगी पैशातून सार्वजनिक इमारत, तीही हरित: निधी, करार आणि देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेची शाळा, पालिकेचा दवाखाना, गावचं ग्रंथालय किंवा सार्वजनिक रुग्णालय देणगीतून, सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून) किंवा खासगी भागीदारीतून बांधायचं ठरलं की काही प्रश्न हमखास येतात. संस्थांचे विश्वस्त, कंपन्यांचे सीएसआर अधिकारी, पालिका आणि जिल्हा परिषदांचे अभियंते यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

खासगी पैसा म्हणजे नेमका कोणता?

तीन प्रकार वेगळे धरा, कारण तिन्हींचे नियम निराळे आहेत.

पहिला प्रकार परत न मागायच्या पैशाचा: देणगी, लोकवर्गणी, सीएसआर. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. दुसरा प्रकार परताव्याच्या अपेक्षेने आलेल्या पैशाचा: सार्वजनिक-खासगी भागीदारी, म्हणजे पीपीपी. खासगी कंपनी बांधते, ठरलेली वर्षं चालवते आणि वापर-शुल्कातून किंवा सरकारच्या वार्षिक हप्त्यातून पैसा वसूल करते. तिसऱ्या प्रकारात इमारत सरकारी पैशाची असते आणि एखादं साधनच खासगी असतं. छतावरची सौर यंत्रणा किंवा वीजबचतीची उपकरणं दुसऱ्याची, बिल तुम्ही भरायचं.

प्रत्यक्षात यांची सरमिसळ होते. हैदराबादचं सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर आंध्र प्रदेश सरकार, पिरोजशा गोदरेज फाउंडेशन आणि सीआयआय (भारतीय उद्योग महासंघ) यांनी मिळून उभं केलं. २००३ मध्ये त्याला हरित इमारतींचं लीड प्लॅटिनम मानांकन मिळालं. इमारत कोणाची, पैसा कोणाचा आणि चालवणार कोण हे सुरुवातीलाच स्पष्ट असेल, तर अशी मोट नीट बांधता येते.

हरित बांधकाम किती महाग पडतं?

या प्रश्नाला सरसकट टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खर्चाचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात फुकटच्या गोष्टी. इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवणं, पश्चिमेच्या भिंतीवर वर्गखोलीऐवजी जिना आणि स्वच्छतागृह घेणं, समोरासमोर खिडक्या देणं, दक्षिणेला पुरेसा छज्जा काढणं. हे नकाशावर ठरतं आणि त्याला जादा पैसा लागत नाही. मात्र एकदा प्लिंथ (जोतं) झाली की यातलं काहीही बदलता येत नाही. म्हणून हरित सल्लागाराची फी पहिल्या रेखाटनाआधी मोकळी करा. नकाशा मंजूर झाल्यावर आलेला सल्लागार फार तर पंखे आणि दिवे सुचवू शकतो.

दुसऱ्या ढिगात थोड्या फरकाच्या गोष्टी: फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीजकेंद्रातली राख) मिसळलेलं पीपीसी सिमेंट, हलके सच्छिद्र एएसी ब्लॉक, कृत्रिम वाळू, छतावर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्यावर पांढरा चायना मोझॅक, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे. पंख्यांचंच उदाहरण घ्या. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी सुमारे ३०. ४० पंखे दिवसाला ६ तास, वर्षाला २२० दिवस चालले तर २,३७६ युनिटं वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर ही बचत सुमारे १९ हजार रुपयांची. पंख्यामागे दीड हजार जादा गेले असं धरलं, तर ६० हजार रुपये तीन वर्षांच्या थोडं पुढे वसूल होतात.

तिसऱ्या ढिगात खरा वेगळा पैसा लागणाऱ्या गोष्टी येतात: सौर यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया, मोठ्या रुग्णालयातली चिलर यंत्रणा (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी), पावसाच्या पाण्याची मोठी टाकी. कर्ज, रेस्को (दुसऱ्या कंपनीने स्वखर्चाने सौर यंत्रणा बसवून वीज विकण्याची पद्धत) किंवा वेगळा देणगीदार शोधायचा तो या ढिगासाठी. पहिले दोन ढीग मूळ अंदाजपत्रकातच बसवा. त्यांना "जादा हरित खर्च" असं नाव दिलंत, तर काटछाटीच्या बैठकीत पहिली कात्री तिथेच लागते.

बचत इतकी उघड असताना पैसा का मिळत नाही?

बांधणाऱ्याचा खिसा आणि वीजबिल भरणाऱ्याचा खिसा वेगळा असतो म्हणून. देणगीदार इमारत देतो, बिल मुख्याध्यापक भरतात. आज घातलेला रुपया दुसऱ्याच्या बिलात वाचणार असेल, तर तो घालायची घाई कोणालाच नसते. यापुढची बहुतेक उत्तरं हे दोन खिसे करारात एकत्र कसे आणायचे याचीच आहेत.

सीएसआर निधीतून हरित इमारत बांधता येते का?

येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी निव्वळ मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. शिक्षण, आरोग्य आणि पर्यावरण हे तिन्ही विषय याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत.

लोक अडखळतात ते इथे:

मालकी. जानेवारी २०२१ च्या सुधारणेनंतर सीएसआरमधून तयार झालेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या सेवाभावी संस्थेकडेच जायला हवी. सौर पॅनेल आणि पाण्याची टाकीही यात आली. हस्तांतराच्या यादीत त्यांची नावं आणि अनुक्रमांक लिहा.

मुदत. "चालू प्रकल्प" म्हणून घेतलेलं काम सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते.

कायम ठेव. देखभालीसाठी संस्थेच्या कायम निधीत सीएसआरची रक्कम टाकू, असं पुष्कळजण सुचवतात. कॉर्पोरेट मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या खुलाशानुसार कायम निधीतलं योगदान सीएसआर धरलं जात नाही. त्यामुळे बांधकाम सीएसआरमधून झालं, तरी पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची ठेव त्याच पैशातून करता येत नाही. हरित इमारतीला हीच गोष्ट सर्वांत जास्त नडते.

मग देखभालीचा पैसा आणायचा कुठून?

आधी गरज किती आणि हातात किती ते पाहा. समग्र शिक्षा अभियानातलं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरतं. १०० ते २५० विद्यार्थ्यांच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये, त्याहून लहान शाळेला आणखी कमी. त्यातच खडू, रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छतेचा किमान १० टक्के वाटा. दहा किलोवॅटचा सौर इन्व्हर्टर आठव्या-दहाव्या वर्षी गेला, तर नव्याला एका वर्षाचं सगळं अनुदान घालूनही भागत नाही. इन्व्हर्टर बंद पडला की पॅनेल छतावर नुसते उन्हात तापत राहतात. ही वेळ पुढे येणार हे खरेदीच्या दिवशीच माहीत असतं, म्हणून तिचा हिशेबही त्याच दिवशी करावा.

व्यवहारात चालणारे तीन मार्ग आहेत. एक, निविदेतच पाच वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल करार मागा आणि त्याचा दर उपकरणाच्या किमतीसोबतच घ्या. कंपनीच्या लेखापरीक्षकाची संमती मात्र आधी मिळवा. दोन, बांधकाम सीएसआरमधून आणि देखभाल निधी व्यक्तिगत देणगीदारांकडून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून. व्यक्तीने दिलेल्या कायम ठेवीला सीएसआरची आडकाठी लागत नाही. तीन, वाचलेलं बिल वेगळ्या खात्यात टाकण्याचा ठराव. ग्रामपंचायत वीजबिल भरत असेल, तर जुन्या आणि नव्या बिलातला निम्मा फरक पाच वर्षं शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा करायचा. हा ठराव इमारतीच्या उद्घाटनाआधी घ्या. उद्घाटनानंतर अशा विषयाला गणपूर्ती मिळणं अवघड जातं.

मार्चअखेरच्या घाईचा हरित बांधकामाशी काय संबंध?

फार जवळचा. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते, त्यामुळे काँक्रीटला सुरुवातीची ताकद सावकाश येते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायचं असतं, उष्ण कोरड्या हवेत १४ दिवस. साध्या सिमेंटसाठीही ४.५ मीटरपेक्षा जास्त गाळ्याच्या स्लॅबचे टेकू १४ दिवस आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवस ठेवायचे. मिश्र सिमेंटला त्याहून जास्त.

आता मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात स्लॅब ओतला जातो. ३१ तारखेच्या आत बिल निघावं म्हणून शटरिंग लवकर उतरवून पुढच्या खोलीला नेतात. ऊन चढलेलं असतं, टँकर दिवसाआड येतो, स्लॅबवर बांधलेली वाफ्याची पाळ दुपारपर्यंत कोरडी पडते. जूनमध्ये केसासारख्या चिरा दिसतात, पहिल्या पावसात छताला ओल येते आणि खापर फुटतं "राखेच्या सिमेंटवर". सिमेंटचा दोष नसतो.

उपाय पैशाच्या वेळापत्रकात आहे. स्लॅबचा हप्ता ओतल्यावर देऊ नका. क्यूरिंगची (पाणी मारण्याची) नोंदवही आणि क्यूब चाचणीचा (काँक्रीटच्या ठोकळ्याच्या ताकदीचा) २८ दिवसांचा निकाल हाती आल्यावर द्या. आर्थिक वर्ष आडवं येत असेल, तर काम पहिल्या दिवसापासून चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्या.

एएसी ब्लॉकचीही अशीच तक्रार असते. ब्लॉक विटेसारखे पाण्यात भिजवून लावले आणि जाड मसाला वापरला की प्लास्टर तडकतं. वरून हलकं पाणी शिंपडा, पातळ थराचा चिकट मसाला वापरा आणि काँक्रीट-ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारा. ही जाळी अंदाजपत्रकात वेगळी बाब म्हणून दाखवा, नाहीतर ती लागतच नाही.

सौर यंत्रणा विकत घ्यावी की रेस्को पद्धतीने?

रेस्कोमध्ये कंपनी स्वतःच्या पैशाने यंत्रणा बसवते आणि साधारण २५ वर्षांच्या करारावर ठरलेल्या दराने वीज विकते. सुरुवातीचा खर्च शून्य, देखभाल तिची. देणगीदार मिळत असेल तर लहान शाळेने विकत घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. दहा-वीस किलोवॅटसाठी रेस्को कंपन्या फारशा उत्सुक नसतात. दोन्ही पक्षांच्या कागदपत्रांचा खर्चही त्या मानाने जड जातो. रुग्णालय, महाविद्यालय, पालिका मुख्यालय अशा मोठ्या छतांना किंवा एकाच पालिकेच्या पन्नास शाळा एकत्र करून काढलेल्या निविदेला रेस्को शोभतो.

आकडे ढोबळमानाने असे: १ किलोवॅटला सावली नसलेली सुमारे १० चौरस मीटर जागा लागते आणि महाराष्ट्रात वर्षाला साधारण १,४०० युनिटं मिळतात. मे महिन्यात भरपूर वीज बनते, पण तेव्हा शाळा बंद असते. नेट मीटरिंगमध्ये (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याच्या सोयीत) ही युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण हिशेब आर्थिक वर्षाअखेर संपतो. उरलेल्या युनिटांना बिलातल्या दरापेक्षा बराच कमी भाव मिळतो. म्हणून यंत्रणेचा आकार वर्षभराच्या एकूण वापरावर ठरवा. छत मोठं आहे म्हणून मोठी यंत्रणा बसवू नका. मंजूर भाराच्या मर्यादेकडेही लक्ष असू द्या. जोडणी "सार्वजनिक सेवा" वर्गात आहे की चुकून व्यापारी वर्गात, हेही बिलावर पाहून घ्या.

रेस्को करार वाचताना चार कलमं शोधा. छताचं वॉटरप्रूफिंग दहा-बारा वर्षांनी पुन्हा करावं लागेल तेव्हा पॅनेल उतरवण्या-चढवण्याचा खर्च कोणाचा? इमारतीत वीज वापरलीच गेली नाही, तर न बनलेल्या विजेचे पैसे द्यायचे का? वरचा मजला बांधायचा झाला तर? आणि सही करणाऱ्याला छत देण्याचा अधिकार आहे का? चौथ्या प्रश्नावर बरेच करार अडतात. जिल्हा परिषदेच्या इमारतीचं छत मुख्याध्यापक देऊ शकत नाहीत. नोंदणीकृत न्यासाच्या इमारतीचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते.

पीपीपी रुग्णालय किंवा शाळेला केंद्राची मदत मिळते का?

व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे व्हीजीएफ, यासाठीच आहे. २०२० मध्ये सुधारलेल्या योजनेत आरोग्य, शिक्षण, पाणी, घनकचरा या सामाजिक क्षेत्रांना केंद्राकडून प्रकल्पखर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि राज्याकडून आणखी ३० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद झाली. अट अशी की चालवण्याचा खर्च शंभर टक्के वसूल झाला पाहिजे. आरोग्य-शिक्षणातल्या पथदर्शी प्रकल्पांना चालवण्याचा खर्च निम्मा वसूल झाला तरी चालतो. तिथे केंद्र आणि राज्य मिळून भांडवली खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि पहिल्या पाच वर्षांच्या चालू खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मदत होऊ शकते. अर्ज करण्यापूर्वी योजनेची सध्याची मुदत तपासा.

इथे एक सापळा आहे. निविदा जिंकतो तो सर्वांत कमी तफावत निधी मागणारा, आणि कमी मागायचं म्हणजे बांधकामात काटकसर. छताचा उष्णतारोधक थर, चांगल्या काचा, कार्यक्षम चिलर हे सगळं तिथेच गळतं. त्यामुळे हरित अटींना गुण देऊ नका. त्या पात्रतेच्या अटी करा: पूर्ण असतील तरच आर्थिक लिफाफा उघडायचा.

पीपीपी करारात ऊर्जेचं कलम कसं लिहावं?

"पंचतारांकित उपकरणं बसवावीत" असं लिहू नका. दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिटं, ते लिहा. उपकरणं पंचतारांकित असूनही झडपा उघड्या राहिल्या आणि वातानुकूलन रात्रभर चाललं, तर बिल फुगतंच.

पहिले १२ महिने प्रत्यक्ष मोजणीचे ठेवा आणि त्यावरून आधाररेषा (तुलनेसाठीचा ठरलेला वापर) पक्की करा. वातानुकूलन, प्रकाश, पंप-लिफ्ट आणि वैद्यकीय उपकरणं यांना वेगळे उपमीटर लावा. एमआरआय यंत्र किती चालेल हे बांधणाऱ्याच्या हातात नसतं, त्याची वीज त्याच्या माथी मारली तर पहिल्याच वर्षी लवाद सुरू होतो. खाटांचा वापर आणि चालू तास बदलले, तर आधाररेषा कशी बदलायची याचं सूत्र करारातच द्या. आधाररेषेच्या थोडं खाली-वर चालेल. त्यापलीकडची बचत दोघांत वाटायची आणि तूट कंपनीच्या हप्त्यातून कापायची.

कराराची मुदतही महत्त्वाची. चांगला चिलर वीस वर्षं चालतो. करार बारा वर्षांचा असेल, तर कंपनी स्वस्त चिलर घेईल, कारण तेराव्या वर्षाचं बिल तिचं नाही. करार संपायच्या दोन वर्षं आधी स्वतंत्र तपासणी आणि त्यानुसार दुरुस्तीसाठी रक्कम रोखून ठेवण्याचा अधिकार लिहून घ्या.

गृह किंवा आयजीबीसी मानांकन घ्यावं का?

ही दोन्ही हरित इमारतींची मानांकनं आहेत. कर्ज देणारा किंवा देणगीदार मागत असेल तर घ्या. लहान इमारतीला टेरीच्या गृह पद्धतीतलं "स्वगृह" पुरतं, ते २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांसाठीच आहे. युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, मानांकनाला मूळ चटईक्षेत्राच्या ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळतं. मात्र ज्या शाळेला आहे तेच चटईक्षेत्र वापरायचं नाही, तिला याचा काही उपयोग नाही. मानांकनासाठी फी आणि सल्लागाराचा खर्च भरताना छताच्या उष्णतारोधक थराचे पैसे कमी पडत असतील, तर आधी थर घाला.

कायद्याने बंधनकारक गोष्टींसाठी "हरित" निधी मागू नका. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणीच्या पुढच्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आहे. ५०० चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडाला पाऊसपाणी संकलन युडीसीपीआरनेच सांगितलं आहे. देणाऱ्याला हे माहीत असतं.

हरित कर्ज आणि हरित रोखे आपल्या कामाचे आहेत का?

एका इमारतीसाठी रोखे नाहीत. पालिकेने अनेक कामं एकत्र केली तर आहेत. गाझियाबादने २०२१ मध्ये आणि इंदूरने २०२३ मध्ये असे रोखे काढले. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ पासून लागू असलेल्या हरित ठेव चौकटीत हरित इमारती पात्र क्षेत्रात आहेत, त्यामुळे बँकेला असा प्रकल्प हवा असू शकतो. व्याजदरात मोठ्या सवलतीची आशा धरू नका. घासाघीस करायची असेल तर परतफेडीच्या मुदतीवर करा. बचतीतून हप्ता फेडायचा तर मुदत जितकी लांब तितकं बरं.

परदेशातल्या नातेवाइकांना गावच्या शाळेला पैसे द्यायचे आहेत.

पासपोर्ट कोणाचा ते विचारा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय योगदान धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, एफसीआरएखाली (परकीय योगदान नियमन कायद्याखाली) येते. संस्थेकडे ती नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. शिवाय ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. एकाच कुटुंबातल्या दोन भावांचे पैसे दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतात, त्यांच्या पावत्या एकत्र करू नका.

एखादी हरित बाब एसएसआरमध्येच (सरकारी दरसूचीत) नाही. अंदाजपत्रक कसं मंजूर करायचं?

तीन कोटेशनं आणि दर पृथक्करण जोडून तांत्रिक मान्यतेला पाठवा. याला वेळ लागतो, म्हणून निविदेपूर्वी करा. काम सुरू झाल्यावर "जादा बाब" म्हणून आलेली गोष्ट मंजूर होईपर्यंत ठेकेदार थांबत नाही, तो नेहमीचं साहित्य लावून मोकळा होतो. कंपनी स्वतः बांधून हस्तांतरित करणार असेल, तर एसएसआरची अडचण कमी होते. नकाशाला आणि संरचनेला स्थानिक संस्थेच्या बांधकाम विभागाची लेखी संमती मात्र तरीही लागते.

हस्तांतराच्या दिवशी काय काय ताब्यात घ्यायचं?

किल्ल्यांसोबत प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणेचे नकाशे, लपलेल्या नळांचे आणि वायरिंगचे प्लास्टरआधी काढलेले फोटो, प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक आणि हमीपत्र. इन्व्हर्टरच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड शाळेच्या मोबाइल क्रमांकावर बदलून घ्या. तो बसवणाऱ्या माणसाच्या क्रमांकावर राहिला, तर त्याने नोकरी बदलताच यंत्रणेची माहिती बंद होते. पाऊसपाणी यंत्रणेत पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारी झडप कुठे आहे ते शिपायाला हाताने उघडून दाखवा. ३०० चौरस मीटर छताचा पहिला २ मिलिमीटर पाऊस म्हणजे ६०० लिटर घाण पाणी, ते टाकीत गेलं तर वर्षभराचं पाणी खराब होतं. ठेकेदाराच्या अनामत रकमेतला काही भाग एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत सोडू नका, आणि सोडण्यापूर्वी ऑगस्टमध्ये एकदा छतावर चढून या.